फिरणारे आणि राबणाऱ्या

इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटाच्या पश्चिम टोकाला लाबुआन बाजो नावाचं बंदर आहे. कोमोडो ड्रॅगन ही जगातली सर्वांत मोठी घोरपड बघायला आलेले पर्यटक इथूनच बोटीत बसतात. कोमोडो राष्ट्रीय उद्यान १९८० साली जाहीर झालं, १९९१ साली ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं आणि मासेमारीवर जगणाऱ्या या गावात एकामागून एक हॉटेलं, डायव्हिंगची दुकानं, विमानं येत गेली. मे २०२३मध्ये ‘आसियान’ देशांची शिखर परिषदसुद्धा इथेच भरली. पाणी मात्र पुरेसं आलं नाही. हॉटेलवाले टँकर मागवून टाक्या भरून घेतात. गावातल्या घरांना नळाला धार केव्हा लागेल त्यावर दिवस बेतावा लागतो. धार रात्री आली तर रात्री उठायचं. कोणी उठायचं, हे विचारायची वेळ तिथल्या घरांत येत नाही, आपल्याकडेही येत नाही.

स्ट्रोमा कोल या ब्रिटिश संशोधिकेने नेमकं तेच विचारलं. गावात जाऊन त्यांनी लाबुआन बाजोच्या पाण्याचा अभ्यास केला. २०१७ साली ‘अॅनल्स ऑफ टुरिझम रिसर्च’ या नियतकालिकात त्यावरचा त्यांचा निबंध छापून आला. पर्यटनाने किती नोकऱ्या दिल्या, किती परकीय चलन आणलं, हे सरकारी अहवालांत असतंच. कोल यांनी त्याच हिशेबात बायकांचं पाण्यासाठीचं जागरण, अंगमेहनत, जिवाला लागलेला घोर आणि त्यापायी घरात नि शेजारीपाजारी होणारी कुरबूर धरली. सगळ्या बायकांना एकाच मापाने मोजलं नाही, हे त्यांच्या कामाचं आणखी एक वैशिष्ट्य. कोणत्या जमातीची, विहिरीपासून किती लांब राहणारी, लग्न झालेली की न झालेली, हातात पैसा असलेली की नसलेली, त्यावर तिच्या वाट्याची ओढाताण ठरते, असं त्यांनी दाखवून दिलं.

पर्यटन आणि लिंगभाव यांच्या सांध्यावर संशोधन करणं हा आज जगातल्या अनेक विद्यापीठांत पूर्ण वेळेचा पेशा आहे. ऐकणाऱ्याला तो जरा मजेचा वाटतो. फिरण्याचा अभ्यास म्हणजे फिरायचेच पैसे मिळत असणार! प्रत्यक्षात या पेशातली नावाजलेली माणसं पुष्कळ जागा पालथ्या घालत बसलेली नाहीत. एखाददुसऱ्या गावातच ती वीस-वीस, तीस-तीस वर्षं जात राहिली.

कोल यांची वाट तर उलट्या टोकाकडून आली. त्या आधी पर्यटकांना घेऊन जाणाऱ्या. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून त्या फ्लोरेस बेटावरच्या न्गाधा लोकांच्या डोंगराळ खेड्यांत परदेशी पाहुण्यांचे छोटे गट नेत. बेना हे त्यांतलं सर्वांत प्रसिद्ध खेडं. मधोमध लांबट चौक, दोन्ही बाजूंना उंच गवती छपरांची घरं. चौकात पूर्वजांची प्रतीकं जोडीने उभी असतात. पुरुष पूर्वजासाठी छत्रीसारखं छप्पर असलेला कोरीव खांब, स्त्री पूर्वजासाठी छोटंसं घरकुल. वंश आईकडून मोजतात. ओसरीवर बसून बायका इकत विणतात आणि तिथेच विकायला टांगतात. पुढे कोल यांनी याच खेड्यांवर प्रबंध लिहिला, पुस्तक केलं, विद्यापीठात शिकवू लागल्या. आपण नेलेल्या पाहुण्यांनी गावाचं काय केलं, हे पाहायला त्याच गावात परतणारे टूरवाले विरळाच.

त्यांच्या हाती लागलेलं उत्तर सरळ नव्हतं. पाहुणे आल्याने संस्कृती बाटते, असं शहरातल्या माणसांना वाटतं. गावकऱ्यांना मात्र परक्यांनी आपलं कौतुक केल्याचा अभिमान होता आणि सरकारदरबारी त्या कौतुकाचा उपयोगही होत होता. पण वंश आईकडून चालतो म्हणून बायकांच्या शब्दाला गावाबाहेरच्या व्यवहारातही वजन येतं, असं काही नाही. पाहुण्यांपुढे, साहेबांपुढे गावाच्या वतीने बोलायला पुढे होतात ते बहुधा पुरुषच.

हा विषय जन्माला आला तेव्हा पर्यटनाचा अभ्यास करणं हेच मुळी उठवळपणाचं मानलं जाई. मानवशास्त्रज्ञाने आदिवासींचे विधी अभ्यासावेत, ते विधी बघायला आलेले कॅमेरेवाले कशाला? १९७४ साली मेक्सिको सिटीत अमेरिकन मानवशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात व्हॅलीन स्मिथ यांनी नेमका हा विषय चर्चेला घेतला. त्यातून १९७७ साली ‘होस्ट्स अँड गेस्ट्स’ हा संपादित ग्रंथ निघाला, आणि आजही पर्यटनाच्या कोणत्याही गंभीर अभ्यासक्रमाची सुरुवात त्याच्याशिवाय होत नाही. सहलीला कुठे जायचं हे घरात बाई ठरवते, असं सांगणारा लेखही याच स्मिथबाईंनी १९७९ साली लिहिला. सहलीच्या कंपन्यांना तो शोध आधीच लागलेला असणार.

त्या ग्रंथातला एक लेख मार्गारेट बर्न स्वेन यांचा होता, पनामाच्या सान ब्लास बेटांवरच्या कुना (आता ‘गुना’ असं लिहितात) बायकांवरचा. या बायकांचं पोलकं म्हणजे ‘मोला’. रंगीत कापडाचे दोन-तीन थर एकावर एक ठेवायचे, वरचा थर नक्षीच्या रेषेत कापायचा, कडा आत दुमडून बारीक टाके घालायचे, म्हणजे खालचा रंग वर डोकावतो. एकेका मोल्याला कित्येक आठवडे लागतात. क्रूझ जहाजं येऊ लागली तशी बेटावरच्या बायका मोले मांडून बसू लागल्या. फोटो हवा असेल तर डॉलर काढा, हा व्यवहारही रूढ झाला.

स्वेन यांनी यात एक बारीक गोष्ट हेरली. पुरुष शर्टपँट घालून पनामा शहरात नोकरीला जात होते, बायका बेटावर राहून पारंपरिक वेश घालत होत्या. पर्यटक ‘कुना संस्कृती’ बघायला येत, ती संस्कृती दिवसभर अंगावर वागवायचं काम बायकांकडे होतं. पैसाही त्या कामालाच मिळत होता. यात त्यांचा मान वाढला की त्या प्रदर्शनातल्या वस्तू झाल्या? स्वेन यांनी घाईने एक बाजू घेतली नाही. जमात टिकवायचा मार्ग आणि बदलाची वाट, दोन्ही यातूनच जातात, असं त्यांनी मांडलं. कुना लोकांच्या बाबतीत एक गोष्ट महत्त्वाची होती. १९२५ साली बंड करून त्यांनी स्वायत्तता मिळवलेली होती, आणि १९९६ साली त्यांच्या महासभेने पर्यटनाचे स्वतःचे नियम केले. बाहेरच्याला त्यांच्या बेटावर हॉटेल थाटता येत नाही.

पुढे स्वेन चीनच्या युन्नान प्रांतात गेल्या. तिथे शिलिन नावाचं दगडी सुळक्यांचं अरण्य आहे, आणि आजूबाजूला सानी लोकांची वस्ती. सानींच्या आख्यानातली नायिका आशिमा. तिच्यावर १९६४ साली चित्रपट तयार झाला आणि पुढे ती चीनभर ठाऊक झाली. आता शिलिनमधल्या गाइड मुलींना आशिमाचा वेश असतो आणि पर्यटक त्यांना ‘आशिमा’ म्हणूनच हाक मारतात. पनामात जे दिसलं त्याचीच ही दुसरी तऱ्हा. जमातीचं रूप म्हणून बाई पुढे, आणि त्या रूपाला कोणता पोशाख चढवायचा ते ठरवणारे भलतेच. १९९५ साली ‘अॅनल्स’चा लिंगभाव विशेषांक स्वेन यांनी संपादित केला. तोवर तुरळक असलेल्या या विषयाला त्या अंकामुळे घर मिळालं असं म्हणायला हरकत नाही.

बायका काही फक्त यजमानच नव्हत्या, प्रवासीही होत्या. थॉमस कुकने १८६३ साली स्वित्झर्लंडची पहिली सहल नेली, तिच्यात यॉर्कशरची जेमायमा मॉरेल ही तरुणी होती. लांब झग्यांत हिमनद्या ओलांडताना काय काय झालं याची चुरचुरीत रोजनिशी तिने लिहिली. ती वही दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या ढिगाऱ्यात सापडली आणि सहलीला शंभर वर्षं झाली तेव्हा, १९६३ साली छापली गेली. मराठीत पुढे पंडिता रमाबाईंनी अमेरिकेचा प्रवास करून ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक १८८९ साली प्रसिद्ध केलं. तिथल्या बायका काय कमावतात, काय शिकतात, सभा कशा भरवतात, याची नोंद त्यात आहे. रमाबाईंना कोणी पर्यटनाची संशोधिका म्हणणार नाही, पण नजर तीच होती.

१९८९ साली सिंथिया एनलो यांच्या ‘बनानाज, बीचेस अँड बेसेस’ या पुस्तकाने पर्यटनाला थेट जागतिक राजकारणात नेऊन बसवलं. एनलो राज्यशास्त्राच्या. केळीचे मळे, समुद्रकिनारे आणि लष्करी तळ या तिन्ही ठिकाणी त्या एकच प्रश्न विचारत गेल्या: इथे बायका कुठे आहेत? पुढच्याच वर्षी थान्-दाम त्रुओंग यांचं थायलंडमधल्या वेश्याव्यवसायावरचं पुस्तक आलं. व्हिएतनाम युद्धात थकलेल्या अमेरिकी सैनिकांच्या विश्रांतीसाठी १९६७ साली थायलंडशी करार झाला. सैनिक गेल्यावर त्या सगळ्या व्यवस्थेत पर्यटक कसे आले, विमान कंपन्या, हॉटेलं, बँका आणि सरकार यांचे हात त्यात कसे गुंतले, हे त्रुओंग यांनी उलगडलं. मुली बिघडल्या, असं म्हणून विषय मिटवता येत नाही हे त्यानंतर निदान अभ्यासकांना तरी मान्य करावं लागलं.

पण या विषयातला सर्वांत समृद्ध ऐवज मला हेझल टकर यांच्या कामात दिसतो.

तुर्कस्तानच्या मध्यभागी कापादोकिया आहे. ज्वालामुखीच्या राखेचे मऊ खडक, त्यांचे सुळके, आणि त्यांत कोरलेली घरं. गोरेमे हे तिथलं गाव. १९८५ साली हा भाग जागतिक वारसा झाला, आणि पाठीवर पिशव्या लावलेले तरुण परदेशी गावात येऊ लागले. गावातल्या पुरुषांनी गुहेतल्या घरांची ‘पान्सियॉन’ केली, गालिच्यांची दुकानं काढली. टकर १९९०च्या दशकात संशोधनासाठी इथे येऊन राहिल्या. त्यांना दिसलं की अख्ख्या पर्यटनात गावची बाईच नाही. परक्या पुरुषांची ये-जा असलेल्या जागी बाईने काम करणं ‘आयिप’, म्हणजे लाजिरवाणं. घराण्याची अब्रू तिच्या पदराला बांधलेली. चहाच्या टपऱ्या, दुकानं, पान्सियॉन ही पुरुषांची दुनिया. बायकांची दुनिया गल्लीत, अंगणात, शेतावर.

तरी काही वयस्कर बायकांनी फट शोधली होती. गल्लीतून चाललेल्या पर्यटकाला हाताने खूण करून घरात बोलवायचं, गुहेतली खोली दाखवायची, चहा द्यायचा, आणि मग हळूच रुमालांचं, विणकामाचं गाठोडं सोडायचं. परदेशी माणूस आत येतो तो पाहुणचाराच्या भारावलेपणात. रुमाल समोर आला की त्याला वाटतं, अरे, हा तर धंदा! बाईच्या लेखी दोन्हीत विसंगती काहीच नाही. पाहुण्याने घेऊन जावं, त्यात काय बिघडलं? गंमत अशी की दुकान काढायला बंदी असल्यामुळेच तिने आपल्या घराचं दुकान केलं होतं, आणि घर असल्यामुळे अब्रूला धक्का नव्हता.

टकर इथून परत गेल्या, न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात रुजू झाल्या, ‘लिव्हिंग विथ टुरिझम’ हे त्यांचं पुस्तक २००३ साली आलं. पण गोरेमेला जाणं त्यांनी सोडलं नाही. २००७ साली त्यांनी लिहिलेला निबंध आधीच्या चित्राला छेद देणारा होता. आता गावच्या बायका हॉटेलांत, छोट्या धंद्यांत पगारी कामाला लागल्या होत्या. कायदा बदलला नव्हता, कोणी प्रबोधनाची मोहीमही काढलेली नव्हती. काहीजणी कामाला गेल्या, आभाळ कोसळलं नाही, मग बाकीच्या निघाल्या. लाज ही दगडावरची रेघ नसते, रोजच्या वागण्याने ती थोडी थोडी सरकवता येते, हे टकर यांना दहा वर्षांच्या अंतराने दिसलं. एकदाच येऊन प्रश्नावली भरून घेणाऱ्याला १९९५ साली वेगळं उत्तर मिळालं असतं आणि २००५ साली वेगळं, आणि दोन्ही वेळी त्याने ते ‘तुर्की संस्कृती’च्या नावावर खपवलं असतं.

टकर यांची विद्यार्थिनी ब्रेंडा बूनाबाना युगांडाची. तिने आपल्याच देशातला ब्विंडी अरण्याच्या कडेचा मुकोनो हा भाग अभ्यासाला घेतला. १९९३पासून इथे डोंगरी गोरिला दाखवायची सोय झाली आणि टोपल्या विणून विकणं, नाच-गाण्यांचे कार्यक्रम, लॉजमधली कामं असा रोजगार बायकांना मिळू लागला. आंतरराष्ट्रीय संस्थांच्या अहवालात ही ‘सक्षमीकरणा’ची कहाणी झाली असती. बूनाबानांना आणखी पुढचं दिसलं. कामाला जायला नवऱ्याची परवानगी लागत होती. बाई कमावती झाली म्हटल्यावर काही नवऱ्यांनी घरखर्चातून अंग काढून घेतलं. मुलांची फी, मीठ-मिरची, सगळं तिच्या टोपलीतून. परवानगी टिकावी म्हणून बायका मुद्दाम पूर्वीपेक्षा नमून वागत. पैसा आल्यावर कष्ट वाढले, आणि तरीही काम सोडायला कोणी तयार नव्हत्या, कारण हातात आलेला तो पैसा त्यांचा पहिलाच होता. टकर आणि बूनाबाना या दोघींनी २०१२ साली गोरेमे आणि मुकोनो शेजारी ठेवून एकत्र निबंध लिहिला. गरिबी हटवायला बायकांना पर्यटनात आणा, या सोप्या सूत्राची त्यात चांगलीच झाडाझडती आहे.

जागतिक आकडे या सूत्राच्या बाजूने दिसतात खरे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेच्या २०१९च्या अहवालाप्रमाणे पर्यटनातल्या कामगारांत ५४ टक्के बायका आहेत. एकूण अर्थव्यवस्थेत हे प्रमाण ३९ टक्के. पण त्याच अहवालात पर्यटनातल्या बायकांची कमाई पुरुषांपेक्षा १४.७ टक्क्यांनी कमी असल्याचीही नोंद आहे. पर्यटनमंत्र्यांत बायका २३ टक्के. खाट आवरणारे हात जास्त, खुर्चीवर बसणारे कमी.

हसणं हेही याच कामगिरीत मोडतं. अर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ साली डेल्टा एअरलाइन्सच्या हवाई सुंदरींवर ‘द मॅनेज्ड हार्ट’ लिहिलं आणि भावनिक श्रमाची कल्पना समाजशास्त्रात आणली. प्रवासी कितीही खेकसला तरी मनापासून हसायचं. वरवरचं नाही, मनापासून, असं प्रशिक्षणात शिकवलं जाई. त्याच सुमारास, मुख्य कचेरी तेव्हा मुंबईला असलेल्या एअर इंडियाच्या हवाई सुंदरी सर्वोच्च न्यायालयात होत्या. नर्गीस मिर्झा खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. नियम असा होता की पस्तिशीला निवृत्ती. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर घरी. आणि पहिल्या गरोदरपणातही घरी. विमानात तशीच कामं करणाऱ्या पुरुषांचं निवृत्तीचं वय मात्र ५८. १९८१ साली न्यायालयाने गरोदरपणाचं कलम रद्द केलं, त्याबद्दल कडक शब्दांत झापलंही. चार वर्षं लग्न न करण्याची अट मात्र रास्त ठरवली! पुरुष कर्मचाऱ्यांशी तुलनाच होऊ शकत नाही, दोन्ही संवर्ग वेगळे, असा निर्वाळाही दिला. लिंगभाव आणि पर्यटन या विषयाच्या वर्गात हा निकाल वाचायला लावावा इतका तो बोलका आहे.

संशोधनाचा प्रत्यक्ष परिणाम बघायचा तर स्पेनकडे पाहावं. तिथल्या हॉटेलांत खोल्या आवरणाऱ्या बायकांनी २०१६ साली ‘लास केलीस’ नावाची संघटना रीतसर स्थापन केली. २०१२च्या कामगार कायद्यानंतर त्यांची कामं ठेकेदारांकडे गेली होती, आणि खोलीमागे दोन-तीन युरो असा भाव झाला होता. बार्सिलोनातले अभ्यासक एर्नेस्त कन्यादा यांनी २०१५ साली या बायकांच्या मुलाखतींचं पुस्तक काढलं. पाठदुखीच्या गोळ्या खाऊन कामावर येणं, जड गाद्या उचलून घट्ट चादर ताणणं, असलं सगळं त्यांनी बायकांच्या तोंडून मांडलं. लढा बायकांचाच, पण कागदावरचा पुरावा त्यांच्या हाती आला. २०२२ साली बालेआरिक बेटांच्या सरकारने पर्यटन कायदा करून हॉटेलांना वर उचलता येणाऱ्या खाटा बसवणं सक्तीचं केलं. कमरेत न वाकता गादीचा कोपरा आवरता यावा, एवढीच मागणी होती.

आता या पेशाच्या स्वतःच्या घरात डोकावू. विद्यापीठांत पर्यटनाचे विभाग बहुधा व्यवस्थापन शाखेत असतात. तिथे पर्यटकांच्या समाधानावरच्या संशोधनाला पैसा मिळतो. खाट आवरणारीवर कोण खर्च करणार? कोपनहेगनच्या आना मारिया मुनार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली पर्यटनाच्या विद्याविश्वाचीच लिंगभावाच्या नजरेने तपासणी केली. नियतकालिकांची संपादक मंडळं, परिषदांतले बीजभाषणकार, मानसन्मान, सगळीकडे पुरुषांचं पारडं जड निघालं. त्याच वर्षी क्रिस्तिना फिगेरोआ-दोमेक आणि सहकाऱ्यांनी १९८५ ते २०१२ या काळातले लिंगभाव आणि पर्यटनावरचे ४६६ निबंध तपासले. निष्कर्ष बोचरा होता: हा विषय पर्यटनाच्या अभ्यासात कडेलाच राहिला, आणि स्त्रीवादी विचाराच्या मुख्य धारेशीही त्याचा सांधा नीट जुळला नाही.

शिवाय संशोधिका स्वतः बाई असते. एकटी, परक्या गावात, रात्री बारमध्ये मुलाखती घेणारी. तिच्याकडे कोण कसं बघतं, ती काय घालते, लग्नाची अंगठी खोटीच घालून फिरावं का, हे प्रश्न प्रबंधाच्या ‘संशोधन पद्धती’ या प्रकरणात पूर्वी येत नसत. २०१८ साली ‘फेमिनिनिटीज इन द फील्ड’ या संपादित पुस्तकात पर्यटनाच्या संशोधिकांनी ते उघडपणे लिहिले. पुढे पुरुष संशोधकांवरचा जोडग्रंथही निघाला.

भारतात लिंगभाव आणि पर्यटन या दोन विषयांची एकमेकांशी ओळख अजून अर्धवट आहे. मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात स्त्री-अभ्यासाचं देशातलं पहिलं संशोधन केंद्र १९७४ साली सुरू झालं. पर्यटन आणि प्रवास व्यवस्थापनाची ग्वाल्हेरची केंद्रीय संस्था १९८३ साली स्थापन झाली. दोन्हीकडे कामाची कमतरता नाही, पण एकीकडच्या विद्यार्थ्याला दुसरीकडच्या ग्रंथालयाची वाट क्वचितच ठाऊक असते. मधली जागा बऱ्याच अंशी चळवळींनी भरली. गोव्यात चार्टर विमानं उतरू लागल्यावर १९८७ साली ‘जागृत गोंयकारांची फौज’ने पाहुण्यांच्या बसवर शेण फेकून निषेध केला. ‘बायलांचो साद’ या स्त्री-संघटनेने जाहिरातींतल्या गोव्याच्या बाईच्या चित्रणावर बोट ठेवलं. बंगळूरच्या ‘इक्वेशन्स’ या संस्थेने १९८५पासून पर्यटनाचे परिणाम अभ्यासायचं काम चालवलं. यातला कितीतरी मजकूर पत्रकांत, अहवालांत, फायलींत पडून आहे. विद्यापीठांनी तो अजून नीट उचललेला नाही.

महाराष्ट्रात आता तर विषय दारात येऊन उभा आहे. फक्त बायकांसाठीच्या सहली इथे वीणा पाटील यांनी लोकप्रिय केल्या. नवरा-मुलांशिवाय प्रवासाला निघालेल्या सासवा-सुनांचा, मैत्रिणींचा गट आता विमानतळावर कोणाला नवा नाही. २०२० साली राज्याने कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. २०२३ साली ‘आई’ हे महिलाकेंद्रित पर्यटन धोरण आलं. त्यात बाईच्या मालकीच्या आणि तिनेच चालवलेल्या पर्यटन व्यवसायाला १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा आहे. धोरण चांगलं आहे. पण मालकी म्हणजे कागदावरची की हातातली, हे टकर-बूनाबानांनी विचारलं असतं. सातबारा बहुधा सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या नावावर. मग कर्जासाठी नाव बाईचं आणि क्यूआर कोड कोणाच्या खात्याचा?

तारकर्ली-मालवणच्या पट्ट्यात घरोघरी निवास-न्याहारीच्या पाट्या आहेत. जाहिरातीत ‘घरगुती मालवणी जेवण’ हे शब्द ठळक असतात. घरगुती म्हणजे पहाटे नारळ खवणारी, वड्यांचं पीठ मळणारी, पाहुणे स्कुबाला गेले की चादरी धुवायला घेणारी, संध्याकाळी परत सागुती आणि सोलकढी. पाहुण्यांशी गप्पा मारणारे, बोटवाल्याशी भाव ठरवणारे ते ‘भाऊ’. ती ‘वहिनी’. कोणी वाईट नाही यात, आणि कदाचित वहिनीला विचारलं तर ती म्हणेल, पूर्वी मुंबईहून मनिऑर्डर कधी येते याची वाट बघायचो, त्यापेक्षा हे बरं. किंवा नाही म्हणणार. हे बसून अंदाजाने ठरवण्यासारखं नाही.

मालवणी बोलणारी, त्याच पंचक्रोशीतली एखादी मुलगी हा विषय घेऊन पीएच.डी.ला बसली तर तिला मोजायला पुष्कळ आहे. मे महिन्यात दिवसाला किती तास चूल, कोणाच्या फोनवर बुकिंग येतं, वहिनी आजारी पडली तर घर बंद ठेवायचं कोण ठरवतं, मुलीला सुट्टीत काय काम आणि मुलाला काय, विहिरीचं पाणी आधी पाहुण्यांच्या टाकीला की घराला. मेमध्ये गजबज असताना जावं लागेल आणि पावसाळ्यात खोल्या रिकाम्या असताना पुन्हा. मग तीन वर्षांनी, कर्जाचे हप्ते फिटत आल्यावर, परत एकदा.